पहिल्या भेटीचा तिसरा खर्डा

टिळकवाडी, बेळगाव
श्रावणी सोमवार

प्रिय मित्रा,

‘कथा झाली काय?’ म्हणून विचारलायस. कसली होतेय! एकाच प्रसंगात अडकलोय. नवा अधिकारी पलटणीत रुजू होतो आणि कॅप्टनसमोर उभा राहतो, एवढंच. दोन खर्डे फाडले.

पहिला खर्डा गल्लीतल्या सुभेदारकाकांना वाचून दाखवला. मराठा लाइट इन्फंट्रीत 28 वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्याच ओळीला त्यांनी चष्मा काढला. “डोक्यावर टोपी नाही नि सॅल्यूट मारतोय? नुसतं सावधान व्हायचं.” मग, “सेकंड लेफ्टनंट आता कुठं राहिलेत? पोरं थेट लेफ्टनंट होऊन येतात, दोन तारे लावून.” वर आणखी, कंपनी, म्हणजे पलटणीतली तुकडी, बहुतेक मेजरकडे असते, तुझा तीन ताऱ्यांचा कॅप्टन ती सांभाळतोय तर मेजरसाहेब कुठं गेले? पाठवलं बाबा त्यांना कोर्सला. (तुझी जहाजाची गोष्ट लिहिशील तेव्हा ध्यानात ठेव, नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा.)

दुसऱ्या खर्ड्यात कॅप्टन पानभर बोलत होता. रेजिमेंटची पहिली पलटण 1768 ची, ट्रेनिंग सेंटर 1922 पासून बेळगावात, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी मिळवलेले व्हिक्टोरिया क्रॉस. सगळं खरं, पण काका म्हणाले, “हे पोरगं पाठ करूनच येतंय की. साहेब त्याला जेवलास काय म्हणून विचारेल.”

लागलं मला ते. माहिती गोळा केलेली मी, आणि बोलायला लावलं त्या बिचाऱ्या कॅप्टनला.

आता कॅप्टन पंजाबचा केलाय. मराठी भाषा जवानांकडून शिकलेला, म्हणून ‘लई’ आणि ‘व्हय’ बिनधास्त बोलणारा. नवा पोरगा केरळचा. “मराठी येतंय?” “थोडं थोडं, सर.” तेवढ्यात दारातून सुभेदार आत येतो. “जय हिंद, साहेब.” कॅप्टन मान वर करून म्हणतो, “या साहेब, बसा.” एक सत्तावीसचा, दुसरा पंचेचाळिशी ओलांडलेला, दोघंही एकमेकांना साहेब. पोरगं क्षणभर दोघांकडे बघत राहतं. खोलीत खुर्ची एकच रिकामी, ती त्याच्याच हाताशी. ती तो सुभेदाराकडे सरकवतो. कॅप्टन कागदावरून नजर काढत नाही, पण चहा सांगताना तीन सांगतो.

पोरगं खुर्ची सरकवतं तिथं वाचून थांबलो. काका गप्प. मग म्हणाले, “सुभेदार बसला काय?”

ते मी लिहिलंच नव्हतं. बसवू की उभाच ठेवू? काकांना विचारलं तर हसले नुसते. तूच सांग. आणि गणपतीला ये, आई कुंदा आणून ठेवते म्हणालीय.

तुझाच,
मागच्या बाकावरचा


ता. क. फाडलेले खर्डे मागू नकोस. बंब पेटवायला गेले.