निरोग्याच्या दारात

प्रिय मनूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझ्यासारखं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगवर, म्हणजे काहीच त्रास नसलेल्यांच्या तपासणीवर, संशोधन करावं की सरळ ऑन्कॉलॉजीत, कॅन्सरच्या उपचारांत, जाऊन रुग्ण बघावेत, हा तुझा पेच कळला. त्यातलं एक वाक्य मनात रुतलं. ‘आई, वॉर्डात बरा झालेला माणूस समोर दिसतो. तुझ्या कामात कोण दिसतं?’

कोणी दिसत नाही, हे खरं आहे. ज्याचा पॉलिप, म्हणजे आतड्यातली गाठीसारखी वाढ, वेळेवर निघाला आणि म्हणून ज्याला पुढे कॅन्सर झालाच नाही, त्याला आपण ओळखत नाही. आपण वाचलो हे त्यालाही कळत नाही. हजारो माणसांचा हिशेब मांडला की एका गटात मृत्यू कमी झालेले दिसतात, पण त्या आकड्यातून एकही नाव वेगळं काढता येत नाही. मला हे पुरलं. तुला पुरेल का, ते तुझं तुलाच ठरवायचं आहे. ठरवण्याआधी हे काम आतून कसं असतं ते माझ्याकडून ऐक.

हाच कॅन्सर मी का निवडला? कारण तो सवड देतो. आतड्याच्या अस्तरावर एक लहानशी वाढ येते आणि तिचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं लागतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले बेसिल मॉर्सन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं तुकडे पाहून हेच सांगत होते. पुढे 1988 मध्ये अमेरिकन संशोधक बर्ट फोगेलस्टाईन यांच्या गटाने दाखवलं की या वाटेवर जनुकांतले बिघाड एकेक करत साठत जातात. त्याआधीच, 1969 मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या या दोन सर्जननी कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठं आतडं आतून बघायच्या लवचीक दुर्बिणीतून, तारेचा फास सरकवून पॉलिप कापून काढायला सुरुवात केली होती. तोवर आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागत असे. म्हणजे रोग कसा वाढतो ते माहीत, वेळ हाताशी आणि काढायचं साधनही हाताशी. तरीही 2022 या एका वर्षात जगभरात या कॅन्सरचे 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाले आणि 9 लाखांवर माणसं गेली. हा आकडा वाचून मला आजही राग येतो. तो राग यावा, असंच मला वाटतं.

मग जिकडेतिकडे सगळ्यांची तपासणी का करून टाकत नाही, असं तुला कोणीही विचारेल. इथेच आपल्या कामाची खरी कसोटी आहे. वॉर्डातला माणूस दुखतंय म्हणून आपल्याकडे येतो. स्क्रीनिंगमध्ये आपण निरोगी माणसाच्या दारात जातो आणि म्हणतो, तुला काही होत नाहीये, तरी ही तपासणी कर. त्यातल्या फार थोड्यांना आतड्याला छिद्र पडणं किंवा रक्तस्राव होणं असा त्रास होतो, पण ती माणसं कालपर्यंत ठणठणीत होती. म्हणून पुरावा पक्का लागतो, औषधाला लागतो त्याहूनही पक्का.

आणि पुरावा फसवाही असतो. समज, एकाचा कॅन्सर तीन वर्षं आधी सापडला, पण मृत्यू ज्या दिवशी यायचा त्याच दिवशी आला. निदानानंतर तो तीन वर्षं जास्त जगला असं कागदावर दिसेल, प्रत्यक्षात त्याला एक दिवसही मिळाला नाही. त्याच्या वाट्याला फक्त आजाराची तीन वर्षं जास्तीची धास्ती आली. शिवाय मधूनमधून केलेल्या तपासणीत संथ वाढणारे कॅन्सर जास्त सापडतात, झपाट्याने वाढणारे दोन तपासण्यांच्या मध्येच उगवतात. त्यामुळे ‘आमच्याकडे लवकर सापडलेले रुग्ण जास्त जगतात’ या वाक्यावर कधीही विसंबू नकोस, सांगणारा कितीही मोठा असो. कोण कुठल्या गटात जाईल ते दैवावर सोडून गट पाडायचे आणि त्या गटांतले मृत्यू मोजायचे, याला पर्याय नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या अभ्यासात 50 ते 80 वयाचे 46,551 लोक होते. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायचं कार्ड काहींना दरवर्षी, काहींना वर्षाआड आणि काहींना अजिबात नाही. सुरुवात 1970 च्या दशकात झाली, निकाल 1993 मध्ये आला. दरवर्षी तपासणाऱ्यांच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 33 टक्के कमी होते. वर्षाआडच्या गटात तेव्हा ठोस फरक दिसला नाही. तो 1999 मध्ये, आणखी काही वर्षं मागोवा घेतल्यावर दिसला: 21 टक्के. मधेच कोणी धीर सोडून दप्तर गुंडाळलं असतं तर?

ब्रिटनमध्ये वेंडी ॲटकिन या संशोधिकेने वेगळा प्रश्न विचारला. 55 ते 64 या वयात आतड्याच्या फक्त खालच्या भागाची दुर्बिणीने एकदाच तपासणी केली तर काय होईल? सुमारे 1 लाख 70 हजार माणसं, 1994 पासून भरती, निकाल 2010 मध्ये. ज्यांना बोलावणं गेलं त्यांच्यात, न आलेलेसुद्धा धरून, नवे कॅन्सर 23 टक्के आणि मृत्यू 31 टक्के कमी. एका प्रश्नाचं उत्तर मिळायला इतकी वर्षं. अनुदान मात्र तीन नाहीतर पाच वर्षांचं मिळतं, त्यामुळे चालू अभ्यास जिवंत ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करत राहावं लागतं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ते टळत नाही.

आता ज्या निकालांबद्दल कोणी व्याख्यान देत नाही ते सांगते. आफ्रिकेत काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांनी तिथली निरीक्षणं मांडल्यापासून, चोथायुक्त आहाराने हा कॅन्सर टळतो असं साऱ्यांना पटलं होतं. पटण्यासारखंच होतं ते. मग पॉलिप काढलेल्या माणसांवर दोन मोठे अभ्यास झाले. एकात चोथा, फळं, भाज्या जास्त आणि चरबी कमी, दुसऱ्यात गव्हाचा कोंडा. दोन्ही 2000 साली छापून आले, आणि तीन-चार वर्षांत पॉलिप पुन्हा येण्यात फरक पडला नव्हता. दोन्ही गटांनी तसं स्पष्ट लिहिलं. चोथा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. इतक्या थोड्या काळात, आधीच पॉलिप झालेल्यांमध्ये, त्याने पॉलिप अडवले नाहीत, इतकाच आहे. आपल्या लाडक्या कल्पनेविरुद्ध आलेला निकाल इतका नेमका लिहिता येणं, हे मी या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं कौशल्य मानते. ते दोन निबंध तू सगळ्यात आधी वाच.

‘आता यात नवं काय उरलंय’ असं तुला कोणीतरी सांगितल्याचं लिहिलंस. 2022 मध्ये निकाल आलेला ‘नॉर्डिक’ नावाचा अभ्यास घे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधली 84,585 माणसं. कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने अख्खं मोठं आतडं तपासायचं, बोलावणं ज्यांना गेलं त्यांच्यातली 42 टक्केच आली. दहा वर्षांत बोलावलेल्या गटात कॅन्सर 18 टक्के कमी झाले, मृत्यूंमधला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. लगेच ओरड झाली की कोलोनोस्कोपी कुचकामी आहे. मला त्यात न आलेली माणसं दिसतात. लाज, भीती, पोट साफ करायच्या औषधाचा त्रास, कामावरून न मिळणारी रजा. स्पेनमधल्या अभ्यासात घरी करायच्या शौचतपासणीला साधारण 34 टक्के लोकांनी होकार दिला, कोलोनोस्कोपीला 25 टक्क्यांनी. उत्तम तपासणी कोणती, याइतकाच माणूस कोणती तपासणी करून घेतो हा प्रश्न मोठा आहे. आणि घरची तपासणी पॉझिटिव्ह येऊनही पुढे दुर्बिणीला न येणारे? ते मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. धोका कळलेला असतो आणि माणूस हातातून निसटतो. त्यांच्यासाठी काय करावं, यावर तुझं अख्खं आयुष्य खर्ची पडलं तरी ते सार्थकी लागेल.

दुसरा प्रश्न तुझ्याच पिढीचा आहे. अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा कॅन्सर वाढतो आहे. अमेरिकेने 2021 मध्ये तपासणी सुरू करायचं वय 50 वरून 45 वर आणलं, पण वाढीचं कारण अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

आणि माणूस समोर दिसायलाच हवा असेल, तर लिंच सिंड्रोमच्या, म्हणजे या कॅन्सरचा धोका वारशाने येणाऱ्या, कुटुंबांकडे जा. तिथे सदोष जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, पिढ्या ओळखीच्या होतात, आजीचा आजार आणि नातवाची तपासणी एकाच फाइलीत असते. ब्रिटनमधले जनुकतज्ज्ञ जॉन बर्न यांच्या अभ्यासात या लोकांना रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं गेलं, आणि ज्यांनी ते दोन वर्षं तरी घेतलं त्यांच्यात पुढच्या वर्षांत कॅन्सर कमी झाले. औषध थांबल्यानंतरही! तू ज्याची तपासणी करशील तो तिथे दरवर्षी तुझ्यापुढे येऊन बसेल. तुझा स्वभाव पाहता ही वाट तुला मानवेल, असं मला वाटतं.

निर्णयाआधी दोन गोष्टी कर. पॉझिटिव्ह निकाल आलेल्यांना फोन करणाऱ्या नर्सशेजारी काही दिवस बस आणि लोक नकार कसा देतात ते ऐक. दुसरं, संख्याशास्त्र नीट शीक, कोणावर सोपवून देण्यापुरतं नव्हे. अर्जाची मुदत जवळ आली असेल तर तो भरून टाक, मागे घेता येतो. मसुदा मला पाठव. सांख्यिकीचा भाग मी वाचेन, बाकीच्याला हात लावणार नाही.

तुझी,
आई