कळंबोलीच्या वायरिंगवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. नाव टाकत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकची वायरिंग करता ते तुम्हीच, वाचलंत की कळेल.

आमची ट्रॅव्हलर गाडी आठवत असेल, मागे बेड, छोटं किचन आणि 12 व्होल्टचा फ्रिज बसवलेली, ऐरोलीहून आलेलो. आईला कोकणात न्यायचं होतं आणि तिचं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, त्यामुळे फ्रिज आमच्यासाठी चैन नव्हती. आणि तोच रात्री बंद पडायचा. दिवसा गाडी चालू असताना एकदम मस्त, रात्री लाईट लावले, पंप चालू झाला की फ्रिजवर लो बॅटरीचा लाल दिवा. एका दुकानात बॅटरी बदलून दिली, फरक शून्य, मग म्हणे अजून मोठी टाका.

तुम्ही मात्र काही विकायला काढलंच नाही, आधी मीटर काढला. फ्रिज बंद ठेवून बॅटरी बघितली, 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. मग फ्रिज, लाईट, पंप सगळं चालू करायला लावलंत, बॅटरीवर 12.4 आणि फ्रिजच्या टर्मिनलवर 10.8! म्हणालात, "बॅटरी चांगलीये, मधे कुठेतरी खातंय." ते कुठे खातंय हे शोधायची तुमची पद्धत मला सगळ्यात आवडली. लोड चालूच ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी फ्रिजच्या प्लसला, 0.3 आलं, म्हणजे त्या वायरीत एवढेच व्होल्ट वाया जातात. मग तसंच मायनसला मायनस, तर 1.3. म्हणजे घोळ प्लसच्या वायरमध्ये नव्हता, अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनस गाडीच्या लोखंडी चेसिसला जोडतात तिथे होता, आणि तोपर्यंत सगळेजण प्लसच्याच वायरी आणि फ्यूज बघत बसले होते.

मग गाडीखाली गेलात. मागच्या चेसिसवरचा अर्थचा बोल्ट सोडवून थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, माझ्या हातात दिलीत, आत हिरवट पावडर, आणि खाली चेसिसवर काळा रंग तसाच, गाडीत बेड-किचन बसवणाऱ्याने रंगावरच बोल्ट आवळलेला. त्यात ऐरोलीला खाडीची दमट हवा. तुम्ही पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवीन थिंबल दाबली, दातेरी वॉशर टाकून आवळलं आणि वरून व्हॅसलिन. परत मोजलं तर 1.3 चं 0.1 च्या आत आलं आणि फ्रिजला 12 मिळायला लागले. दिवसा का चालायचा तेही तेव्हाच समजावलंत, इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज बनवणारा जनरेटर, 14 व्होल्टच्या आसपास देतो, त्यातले दीड गेले तरी फ्रिजला पुरेसे उरतात, रात्री नुसत्या बॅटरीवर तेवढेच गेले की फ्रिज स्वतःच कट होतो. इतके दिवस हे एवढं साधं कोणी सांगितलं नव्हतं हो!

आणि एक, जे आम्ही विचारलंही नव्हतं. इन्व्हर्टरच्या जाड वायरला बॅटरीजवळ फ्यूजच नाही हे तुम्हीच बघितलंत. हजार वॅट म्हणजे 12 व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर, मधे कुठे वायर घासून बॉडीला लागली तर आग लागायला वेळ नाही लागत. इन्व्हर्टरला आत स्वतःचा फ्यूज असला तरी तो या वायरला वाचवत नाही, म्हणून बॅटरीला चिकटूनच पाहिजे, असं म्हणून लगेच बसवून दिलात. त्याच गाडीत आई झोपते काका, त्यामुळे या एका कामाचे आभार कसे मानू मला खरंच कळत नाही.

बाकी गुहागरला जाऊन आलो, फ्रिज रात्रभर चालला, आईने येताना तुमच्यासाठी कोकम घेतलंय. ज्यांच्या गाडीत असा प्रॉब्लेम असेल त्यांनी नवीन बॅटरी घ्यायच्या आधी लोड चालू ठेवून मायनस ते मायनस नक्की मोजा, साधा मीटर पुरतो.

तुम्ही फक्त फ्यूजचे आणि थिंबलचे पैसे घेतलेत, मजुरीला हात जोडलेत, ते आम्हाला पटलेलं नाही. पावसाळ्यानंतर अर्थिंग चेक करायला या म्हणालात ना, तेव्हा येतोय, कोकम घेऊन, आणि मजुरी घ्यावीच लागेल.

तुमचा,
ऐरोलीचा ट्रॅव्हलरवाला