झबल्याची आतली बाजू

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तान्ह्या मुलांच्या हट्टांबद्दल लेख आला होता. त्यात ‘दोन-चार दिवस रडू द्या, आपोआप सवय होते’ असं एक वाक्य होतं. बाकी लेखाबद्दल तक्रार नाही, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. हाच सल्ला मी माझ्या सुनेला दिला होता.

मी शिंपी. चाळीस वर्षं मशीनवर बसतोय आणि त्यातली निम्मी तरी लहान मुलांच्या कपड्यांत गेली. नातीचं पहिलं झबलं अर्थातच मी शिवलं. ते अंगात घातलं की पोर पाठीची कमान करून किंचाळायची, काढलं की गप्प. आणखी मऊ कापड आणून चार शिवली, तरी तेच. नखं कापताना, डोक्यावर पाणी घालताना आकांत. गवतावर उभं केलं तर दोन्ही पाय पोटाशी ओढून घ्यायची. ‘लाडावलीय’ म्हणून मी मोकळा झालो. माझ्या शिवणकामावर बेतलं होतं, त्यामुळे राग जरा जास्तच होता, हे कबूल करतो.

ती १४ महिन्यांची असताना सुनेनं माझं न ऐकता तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी कान, डोळे, त्वचा, वजन, वाढ सगळं पाहिलं. कान दुखत असेल किंवा ऐकूच कमी येत असेल तरी मूल असं वागू शकतं, म्हणून ही तपासणी पहिली. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे खाणं, कपडे घालणं, खेळणं अशा रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी आठवडाभर वही लिहायला लावली. रडण्याबद्दल नको, रडण्याच्या आधी काय झालं तेवढंच लिहा, म्हणाल्या. वहीत जे दिसलं ते घरातल्या चौघांनाही कधी दिसलं नव्हतं. हलका हात लागला की रडते, घट्ट छातीशी धरलं की निवते. मी तर तिला जपून, बोटांच्या टोकांनी उचलायचो!

बाईंनी माझं झबलं मागवलं, उलटं केलं आणि काखेतल्या शिलाईवरून माझंच बोट फिरवलं. तिथे कापडाचे थर एकावर एक येतात, वर ओव्हरलॉकची, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून गुंफलेल्या टाक्यांची कड. मानेशी लेबल आणि नायलॉनच्या दोऱ्याचं टाचणीसारखं टोक. इतकी वर्षं मी कपडा सुलट बाजूनंच पारखत आलो होतो.

पाच इंद्रियांखेरीज तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते आणि हातपाय कुठे आहेत हे स्नायू-सांध्यांतून कळतं, हे मला तेव्हा समजलं. या सगळ्या खबरी मेंदूनं जुळवून घ्यायच्या असतात. काही मुलांना त्या फार मोठ्यानं पोचतात, काहींना अगदी पुसट. अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९७०च्या दशकात हा विचार पुस्तकांतून मांडला. त्यावर वादही आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये सांगितलं की, याला स्वतंत्र आजाराचं नाव देऊ नका आणि उपचारांचा पुरावाही मर्यादित आहे हे पालकांना सांगा. काही मुलांत हे स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) एक लक्षण असतं, सगळ्यांत नाही. आमच्या बाईही म्हणाल्या, ‘मी नाव देत नाही, हिचा दिवस सोपा करू.’

मग मी शिलाई बाहेरून घेऊ लागलो, लेबलं उसवली. कपडे घालण्याआधी सून पूर्ण तळव्यानं तिचे हातपाय दाबते. डोकं धुताना मान मागे टाकत नाही, खांद्याशी टेकवून धरते. ओल्या वाळूत हात घालायची सक्ती नाही. आधी चमच्यानं उकरायची, तिसऱ्या आठवड्यात एक बोट गेलं आणि ते तिनं लगेच माझ्या धोतराला पुसलं.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. दाबानं शांत होते ना, मग मणी भरून जड पांघरूण शिवू, म्हणून मी कापड बेतलंसुद्धा. बाईंनी कात्री खाली ठेवायला लावली. तान्ह्या मुलाच्या अंगावर झोपेत जड पांघरूण घालायचं नाही, त्यात धोका आहे. त्याच संघटनेच्या २०२२च्या सूचनांतही हे स्पष्ट आहे. अशी पांघरुणं विकायला असतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी एक जात राहूनच जाते. पडलं तरी रडत नाही, हाक मारली तरी वळत नाही, तासन्‌तास एका जागी पडून राहतं, असं ‘गुणी’ बाळ. त्याची तक्रार कोण करणार? त्यालाही डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि ऐकू येतंय का हे सगळ्यात आधी.

पुरवणीत जागा असेल तर रडू देण्याच्या त्या सल्ल्याखाली आधी कान तपासून घ्या, एवढी ओळ तरी छापा.

नात आता दोन वर्षांची आहे. डोकं धुताना अजूनही घर डोक्यावर घेते, पण कपडे स्वतः ओढून घालते. शिलाया सगळ्या बाहेर, त्यामुळे येणारा-जाणारा मला थांबवून सांगतो, ‘आजोबा, पोरीला कपडे उलटे घातलेत.’

आपला,
शिंपीकाम करणारा एक आजोबा