किलोमीटर नकोत, विमानतळाचं नाव छापा

मा. संपादक,

‘मुंबई–नागपूर अवघ्या तासाभरात’ ही आपल्या अंकातली चौकट वाचली. हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर, जेटचा वेग ताशी आठशे. भागाकार बरोबर आहे. पण असा भागाकार करून कोणी बोरिवलीला पोहोचत नाही. माझी मुलगी तिथे राहते, म्हणून सांगतो.

वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो, तो उगाच नाही. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीच्या रांगेत ताटकळणं, विमानाचं वर चढणं-खाली उतरणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या जुन्या, म्हणजे सहारच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. वापरायला एका वेळी एकच. गर्दी झाली की वरच घिरट्या. मागच्या पावसाळ्यात ढगांच्या फटीतून तोच तलाव, तीच भिंत, तोच सांडवा मला पुन्हा पुन्हा दिसत राहिला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काका, आपण प्रदक्षिणा घालतोय!” शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे. नागपूरला येताना ते पाठीशी असतात, जाताना अंगावर. म्हणजे जायला लागतो तेवढाच वेळ यायला लागेल, असंही नाही.

माझे वडील आरएमएसला, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत होते. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, ती आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या भरवशावर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथे जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. वडील सांगत, थैलीच्या तोंडाची सुतळी आणि लाखेची मोहोर बोटांनी चाचपायची, मगच सही ठोकायची. ती डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशेच्या आसपास उडत, म्हणजे मुंबईला निदान अडीच तास. आज वेग जवळपास तिप्पट झाला, पण वेळ काही तिसऱ्या हिश्श्यावर आली नाही. उलट तेव्हाच्या टपालाला बोर्डिंगच्या रांगेत उभं राहावं लागत नसे!

खरी गोम वेगळीच आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा, उलव्याचा विमानतळ सुरू झाला आणि ‘मुंबई’ नावाची दोन ठिकाणं झाली. हवाई अंतराच्या हिशेबात उलव्याचा विमानतळ नागपूरला थोडा जवळच. पनवेलकराची तर चांदीच. बोरिवलीकराला मात्र खाडी ओलांडून अख्खं शहर कापावं लागतं, आणि हवेत वाचलेली दोन-चार मिनिटं पहिल्याच सिग्नलला संपतात. आमच्या जावईबापूंनी तिकीट काढताना नुसतं ‘मुंबई’ पाहिलं, भाडं कमी दिसलं, घेऊन टाकलं. विमान अगदी वेळेत उतरलं. पुढच्या टॅक्सीत त्या वाचलेल्या पैशांवर पाणी पडलं.

तेव्हा विनंती अशी की, नव्या विमानसेवेची बातमी देताना किलोमीटर नसले तरी चालतील. विमान सहारला उतरतं की उलव्याला, किती वाजता, आणि त्या वेळी पश्चिम उपनगरांकडे जायला बस मिळते का, एवढं तेवढ्याच चौकटीत बसेल.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर