सावकाश

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलीस. मसालेभात मग मी दोन वेळा खाल्ला आणि आईचे टोमणेही. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "ठेवते" म्हणतेस. म्हणून कागद घेतला.

चूक माझीच. बोपदेव घाटाच्या वळणावर उभा राहून मी "सावकाश!" म्हणून ओरडलो. तेही शर्यतीत. चाळीसेक सायकली सुसाट खाली येत होत्या, पण दुसऱ्या कुणाचा बाप असं ओरडला नाही. तू ब्रेकला हात लावलास, पुढचे पाच जण निघून गेले आणि खाली येवलेवाडीकडच्या सपाटीवर तू एकटीच वारा कापत राहिलीस. समोरच्याच्या चाकामागे राहिलं की जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वाचते, हे तूच मला जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून शिकवलं होतंस. ते सगळं मी एका शब्दात घालवलं. तरी परत चढताना तू दोघांना मागे टाकलंस. शेजारच्या गृहस्थांना मी म्हटलं, "ती लाल हेल्मेटवाली आमची." ते म्हणाले, "मघाशी ओरडलात ते तुम्हीच का?"

सातवी आलीस. तुला ते कमी वाटतं. अगं, हंगामातली पहिलीच शर्यत, सगळा पावसाळा तू हॉलमध्ये पंख्याखाली, सायकल जागच्या जागी चालवायच्या त्या ट्रेनरवर काढलास. पाय तयार झालेत, ते दिसलंच. पण ट्रेनरला वळणं नसतात, सायले. पाय ऑक्टोबरात आले तरी हात अजून जूनमध्येच आहेत. त्यात पावसाने घाटातली खडी नेमकी वळणावर आणून टाकलेली असते, कडेला शेवाळ... असो. उताराचं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

नानांनी एकदा मला आणि बाळूला खंडाळ्याला नेलं होतं, मुंबई-पुणे शर्यत बघायला. घाट सगळ्यांत आधी चढून येईल तो 'घाटाचा राजा'. आम्हाला वाटलं, फेटाबिटा असेल. आला तो घामाने निथळत, तोंड वाकडं करून, धड बघतही नव्हता आमच्याकडे. कुणीतरी त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. नाना म्हणाले, "बघा रे, राजा." पुढे महिनाभर आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन कात्रजच्या चढावर राजा-राजा खेळलो. तासाला किती पैसे होते ते आता आठवत नाही, पण बाळूच जास्त वेळा राजा व्हायचा हे पक्कं आठवतं. रविवारी तू चढताना दात आवळले होतेस ना, तसंच त्याचं तोंड व्हायचं. आईला हे बोललो नाही.

एक लक्षात घे, राजा चढाचाच करतात. उताराचा कुणी केलाय? आलो बघ परत तिथेच.

दापोडीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं मी एसटीचे ब्रेक लायनर बदलले. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. सायकलला ते लागू नाही, कळतं मला. पण ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. वळणात सायकल कललेली असताना पुढचा दाबलास की चाक गेलंच खालून. आणि नजर पुढच्याच्या टायरवर ठेवू नकोस, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघ. टायर बघणारा त्याच्याबरोबरच पडतो. तुझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. बाळूच्या सायकलला रॉडचे ब्रेक होते. त्याचे रबर मी बघतो म्हणालो होतो. जाऊ दे.

हे प्रवचन झालं. माफ कर. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं, हे मी चारचौघांत सांगतो, तुझ्यासमोरच सांगायचं राहून जातं.

बालेवाडीच्या वेलोड्रोमचं, म्हणजे त्या सायकलच्या ट्रॅकचं, आईकडून कळलं. ट्रॅकच्या सायकलींना ब्रेकच नसतात, हे तिने मेथी निवडता निवडता सांगितलं, जणू मेथी महाग झालीय. ब्रेकच नाहीत! रात्री दोनला उठून बसलो. मग वाटलं, तिथे निदान समोरून पाण्याचा टँकर तरी येत नाही. तेव्हा माझी हरकत नाही. थोडी आहे.

पुढची शर्यत कधी, कुठे, ते आईला कळव. ती मला सांगेलच. मी वळणावर उभा राहणार नाही, वर शेवटाला थांबेन. काय ओरडायचं तेही तूच लिहून दे.

तुझी पाण्याची बाटली इथेच राहिली आहे. धुऊन ठेवली आहे.

तुझा,
बाबा

ता. क. चिवड्याच्या डब्यात तळाशी कागदाच्या पुडीत ब्रेक पॅडचा एक जोड आहे. दुकानात मॉडेल सांगून आणलाय. जुने अजून दोन महिने जातील असं म्हणशील. बदल. तेलकट हाताने धरू नकोस, डिस्कलाही बोट लावू नकोस. चिवडा आधी संपव, मग हात धू, मग पॅड.