वाफेच्या वडीलाही जागा द्या

संपादक महोदय,

सांबार (कोथिंबीर) स्वस्त झाला की आमच्या नागपूरच्या महाल भागात घरोघरी पुडाच्या वड्या तळल्या जातात. मलाही आवडतात, पण डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितल्यापासून मी वाफवलेल्या वडीवर आले. धोप्याच्या (अळूच्या) पानांना बेसन लावताना चिंचेचा कोळ सढळ हाताने घालते, नाहीतर पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे घसा खाजतो (पाहुण्यांसमोर एकदा फजिती झालीच!). वळकट्या 20 मिनिटे वाफवायच्या, पार गार झाल्यावरच कापायच्या. गरम कापल्या की भुगा. वरून चमचाभर तेलात मोहरी-तिळाची फोडणी. तुमच्या पाककृतींच्या सदरात मात्र दर वेळी ‘खरपूस तळा’ असतेच. एखादी वाफेची कृतीही छापा ना.

– एक गृहिणी, महाल, नागपूर