आठ्या घालवायला भुवया उडवायच्या?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कपाळावरच्या आठ्या घालवायचा व्यायाम दिलाय, भुवया जमतील तितक्या वर ताणायच्या, दहा आकडे मोजायचे आणि सोडायच्या, रोज वीस वेळा. अहो, पण आडव्या आठ्या पडतात त्याच मुळी भुवया वर गेल्याने! कपाळातला फ्रंटॅलिस स्नायू हाडाला कुठेच चिकटलेला नसतो, खाली भुवयांच्या कातडीत आणि वर डोक्यावरच्या एका चिवट आवरणात अडकलेला असतो, त्यामुळे तो आखडला की कातडीच गोळा होते, खिडकीचा पडदा सरकवल्यासारखी. बोटॉक्सवाले नेमकं उलटं करतात, त्याला तीन-चार महिने सुस्त करून ठेवतात. आणि भुवई वर उचलणारा हा एकटाच असल्यामुळे डोस जास्त झाला तर भुवया खाली येतात, चेहरा कायम झोपाळू. (दोन भुवयांच्या मधल्या उभ्या रेषा वेगळ्या, त्या कॉरुगेटरमुळे पडतात, रागावल्यावर दिसतात त्या.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगावंसं वाटतं की ह्या स्नायूबद्दल छापायचंच तर दुसरंच काहीतरी छापा. तोंड एका बाजूला वाकडं झालं की घरचे वारं गेलं म्हणून तेल चोळत बसतात. डॉक्टर मात्र आधी भुवया वर करायला सांगतात, कारण कपाळाच्या प्रत्येक बाजूला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतो, त्यामुळे स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा तोंड वाकडं दिसतं पण आठ्या दोन्हीकडे पडतात. बेल्स पाल्सीत चेहऱ्याची नसच सुजलेली असते, मग त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं, डोळाही नीट मिटत नाही. लोकांना वाटतं भुवई हलतीय म्हणजे किरकोळ असणार, खरं तर तेव्हाच जास्त घाबरायला पाहिजे. आणि हलत नसली तरी निदान घरी करू नका, काही स्ट्रोकमध्ये तसंही होतं. स्ट्रोकमध्ये मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, बेल्स पाल्सीच्या स्टिरॉइडच्या गोळ्याही 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या, म्हणजे दोन्हीकडून घाई आहेच, तेलाला वेळ नाही.

त्या व्यायामाला फोटोसकट अर्धं पान दिलंत, ह्याला एक चौकट द्या, आणि छापण्याआधी एखाद्या न्यूरोलॉजिस्टला दाखवून घ्या.

– एक वाचक, सातारा